फिनिश लाइनच्या एक पाऊल अलीकडे

आमच्या काकूंवर अन्याय झाला तो २००६ सालच्या एप्रिलमधल्या शेवटच्या रविवारी, सकाळी अकराला सात मिनिटं कमी असताना. जागा: मिनियापोलिसपासून दीड तासावरचं टेकड्याटेकड्यांचं एक गाव, त्या गावच्या शाळेसमोरचा रस्ता आणि रस्त्यावर आडवी आखलेली हाफ मॅरेथॉनची शेवटची रेषा. मी तिथं हजर होते. नंतर इथल्या आपल्या मराठी मंडळात जे सांगितलं गेलं, की काकूंना चक्कर आली, काकूंचा इंग्रजीचा घोळ झाला, काकू थकव्यानं हट्टाला पेटल्या, ते सगळं खोटं आहे. चक्कर आली नव्हती. इंग्रजी त्यांचं तुमच्या-माझ्याइतकंच बरं-वाईट आहे. हट्ट मात्र होता, आणि तो थकव्याचा नव्हता.

तेव्हा मी मिनियापोलिसजवळच्या ईडन प्रेरीत त्यांच्या टाउनहाउसच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत होते. पुण्यात कॉलेजमध्ये मला पत्रकं लिहायची सवय लागली होती. वसतिगृहाच्या फीवाढीचा निषेध, मेसमधल्या भाताचा निषेध, निषेध नोंदवू न देणाऱ्या प्राचार्यांचा निषेध. अमेरिकेत आल्यावर दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी डिपेंडंट व्हिसावर आलेल्या बायकांच्या हक्कांची पत्रकं काढायची, असा माझा दिनक्रम होता. या बायकांना इथं नोकरी करायला कायद्यानं बंदी. आणि पगार नाही म्हणून घरातलं काहीच त्यांच्या नावावर नाही.

खोली बघायला गेले त्या दिवशी दार काकांनी उघडलं आणि लगेच तोंडावर बोट ठेवलं. आत स्वयंपाकघरात काकू हनुवटी छातीला टेकवून, घोगऱ्या आवाजात फोनवर बोलत होत्या.

"येस. स्पीकिंग. येस, धिस इज ही."

पलीकडे गॅस कंपनी होती. काकूंनी काकांची जन्मतारीख सांगितली, बिलातली चूक दुरुस्त करून घेतली, "यू टू, सर" म्हणून फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या.

"झालं. आता मी बाई झाली. बैस, चहा घेशील?"

गॅस, वीज, फोन, गाडीचा विमा, दातांचा डॉक्टर, सगळं काकांच्या नावावर. काका दिवसभर मीटिंगमध्ये. कंपन्या बोलणार फक्त ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्याशी. पहिलं वर्षभर काकूंनी "मी त्यांची मिसेस" असं सांगून पाहिलं. दर वेळी "सॉरी मॅम." दुसऱ्या वर्षापासून त्या काका झाल्या. लायब्ररीचं कार्डसुद्धा काकांच्या नावावर, कारण पत्त्याचा पुरावा म्हणून बिल दाखवा म्हणे, आणि बिल कोणाच्या नावावर ते सांगितलंच. मी त्या दिवशी पोट धरून हसले. काकूही हसल्या. अमरावतीच्या शाळेत चौदा वर्षं भूगोल शिकवलेली बाई, जिच्या एका "हं?" वर मागचा बाक गप्प व्हायचा, ती नवऱ्याचा आवाज काढून बिलं दुरुस्त करत होती आणि आम्ही दोघी हसत होतो.

त्यांचे वडील चिखलदऱ्याला वनखात्यात होते. पाय चढावरच वाढलेले. "इथं येऊन माझे पाय सपाट झाले बाप्पा," त्या म्हणायच्या. "चाललं तरी कुठं चढल्यासारखं वाटतच नाही." आमच्या भागात थोडेफार उंचवटे आहेत, पण नोव्हेंबरपासून त्यांच्यावर बर्फ. मग काकूंनी चढ शोधला तो काकांच्या ऑफिसच्या पाच मजली पार्किंगमध्ये. हिवाळ्यात दर रविवारी सकाळी ऑफिस बंद असताना त्या गाडी घेऊन तिथं जायच्या आणि गाड्यांच्या वळणावळणाच्या चढावरून पाचव्या मजल्यापर्यंत पळत जाऊन खाली यायच्या. अंगात सलवार, वर काकांचा जाड कोट, हातमोज्यांऐवजी हातांत पायमोजे. "हातमोज्याला पाच बोटं वेगळी. पाचही एकटी, म्हणून गारठतात. मोज्यात सगळी एकत्र नांदतात."

एकदा सिक्युरिटीवाल्यानं अडवलं. हा संवाद काकूंनी मला इतक्या वेळा करून दाखवला आहे की मला तो पाठ आहे.

"मॅम, तुमची गाडी इथं आहे का?"

"आहे ना. निळी. पहिल्या मजल्यावर."

त्यानं यादी बघितली. "ती गाडी एका मिस्टरांच्या नावावर आहे."

"मी पण त्यांच्याच नावावर आहे. मला पण इथं पार्क केलंय असं समजा."

तो हसला आणि त्यानं पुढच्या रविवारपासून त्यांना अडवलं नाही. "मॉर्निंग, मिसेस पार्किंग!" असं म्हणायचा. आम्हाला हे फार गमतीचं वाटायचं. काकूंना वाटायचं नाही, पण ते मला फार उशिरा कळलं.

त्यांच्यासारखं धावताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलं नाही. मैल त्या मोजत नसत. त्यांच्या डोक्यात शाळेचं वेळापत्रक पक्कं बसलेलं होतं. दोन मैलांची एक तासिका. दोन तासिकांनंतर छोटी सुट्टी, चारनंतर मोठी. छोट्या सुट्टीत पाणी. मोठ्या सुट्टीत जागच्या जागी उभं राहून एक मिनिटभर गूळ-फुटाणे. मिनिट म्हणजे साठ सेकंद, एकसष्टावं नाही. तेरा मैल म्हणजे साडेसहा तासिका, आणि शेवटची अर्धी तासिका खेळाची, त्यात मास्तरानं काही विचारायचं नाही. दुसरा नियम असा की चढावर बोलायचं नाही आणि उतारावर भांडायचं. "उतारावर माणूस ढिला पडतो आणि पाय मुरगळतो. भांडलं की अंग ताठ राहतं." मी त्यांच्याबरोबर पळायला लागले तेव्हा प्रत्येक उतारावर माझ्या नवीन पत्रकाची चिरफाड व्हायची. मी म्हणायचे, आपण सगळ्या बायकांच्या सह्या गोळा करू. त्या म्हणायच्या, "सही करून राहिलीस, पण वाचून राहिलीस का? यात 'असंख्य भगिनी' लिहिलंय. असंख्य म्हणजे किती? नकाशा काढ, गावं लिही, नावं लिही. भूगोलात 'असंख्य नद्या' लिहिलं तर मी शून्य देते."

वसंतातल्या त्या हाफ मॅरेथॉनची जाहिरात त्यांना लायब्ररीत दिसली. जाहिरातीत लिहिलं होतं की रस्ता डोंगराळ आहे, नवशिक्यांनी विचार करावा. काकूंनी विचार केला. म्हणजे त्या भागाचा समोच्च रेषांचा नकाशा काकांच्या कार्डावर घरी आणला, जेवणाच्या टेबलावर पसरला आणि महिनाभर आम्ही तिघं ताटं मांडीवर घेऊन जेवलो. तीन चढ होते. त्यांनी तिन्ही बोटानं चढून बघितले. "हा दुसरा लबाड आहे. संपला असं दाखवतो आणि मग वळतो."

काका म्हणाले, "अगं, सत्तेचाळीसाव्या वर्षी हे काय? पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षीही बघू. या वर्षी धावू."

फॉर्म काकूंनी स्वतः भरला. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर मंडळात लोकांनी काकांना दोष दिला, आणि सर्वांत आधी मीच दिला. फॉर्म काकूंनी भरला, घरच्या कॉम्प्युटरवर, दुपारी, एका हातात मटार सोलत. सात वर्षं त्या हातांनी जो फॉर्म भरला तो काकांच्या नावानं भरला. पहिलं नाव, आडनाव, जन्मतारीख, पुरुष. बोटांनी आपापलं काम केलं. डोळे मटारावर. शर्यतीच्या आदल्या दिवशी नंबराचं पाकीट आणायला काका गेले. तिथल्या बाईनं त्यांचं लायसन्स बघितलं, यादीत नाव बघितलं, दोन्ही जुळलं, पाकीट दिलं. आत पुरुषांचा लार्ज टी-शर्ट होता. काका म्हणाले, "मोठाच दिलाय, घरात घालता येईल." छातीवर लावायच्या कागदावर फक्त नंबर होता, नाव नव्हतं. वेळ मोजणारी, बुटाला बांधायची चिप होती. कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं.

रविवारी वारा असा होता की सुरुवातीच्या रेषेवर उभं राहायलाच ताकद लागत होती. रस्त्याच्या कडेच्या चरांतून वितळलेल्या बर्फाचं पाणी वाहत होतं. शेतांत गेल्या वर्षीच्या मक्याची धसकटं, आणि कुठं कुठं नुकतंच शेणखत टाकलेलं. बाकीचे नाक दाबून पळत होते. काकू छाती भरून वास घेत म्हणाल्या, "घरी आल्यासारखं वाटतं." हे वाक्य त्या देशात त्यांनी दुसऱ्या कशाबद्दल म्हटलेलं मी ऐकलं नाही.

पहिला चढ आम्ही बरोबर चढलो. गप्प. उतारावर भांडलो. दुसरा चढ खरंच लबाड निघाला. वळणानंतर तो पुन्हा सुरू झाला तेव्हा माझ्या तोंडून एक शिवी गेली, आणि काकूंनी श्वास न गमावता फक्त डोळे वटारले. आठव्या मैलाला मोठी सुट्टी. साठ सेकंद. शेजारून जाणाऱ्या एका दाढीवाल्याला त्यांनी मूठभर फुटाणे दिले, तो "व्हॉट इज धिस?" म्हणत खात पुढे गेला. नवव्या मैलाला माझा गुडघा गेला. मागून मागे पडलेल्यांना उचलणारी गाडी येत होती, तिच्यात मी बसले. काकू म्हणाल्या, "जा. पाचवी तासिका चालू आहे, मला बोलवू नको."

म्हणून मी त्यांच्या आधी शेवटच्या रेषेपाशी पोचले. काका कॅमेरा घेऊन उभे होते. माईकवर एक जाडजूड, हसतमुख माणूस येणाऱ्या प्रत्येकाचं नाव यादीतून वाचत होता. घड्याळात दोन तास त्रेपन्न मिनिटं. वळणावर काकू दिसल्या. सलवार गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, हातात मोजे, चेहरा लाल. मी ओरडायला लागले. तेवढ्यात माईकवरून काकांचं नाव आलं, आडनावाचे तीन तुकडे करून. "फ्रॉम ईडन प्रेरी! ही इज ऑलमोस्ट होम..." मग त्यानं मान वर केली. "वेल, फोक्स, ही शुअर इज अ प्रिटी फेला!" देखणा गडी म्हणे.

लोक हसले. वाईट हेतूनं हसले असं मी म्हणत नाही. मला हेतूशी कर्तव्य नाही. लोक हसले.

काकू थांबल्या. रेषेच्या एक पाऊल अलीकडे. चिपवरून वेळ टिपणारी रेषेवरची चटई त्यांच्या बुटापासून वीतभर लांब असेल.

"कम ऑन, मॅम! वन मोअर स्टेप!"

"दॅट इज नॉट माय नेम," काकू म्हणाल्या. वर्गातला आवाज. माईक नसताना शेवटच्या माणसापर्यंत गेला.

माईकवाला अजून हसत होता. "दॅट्स ओके, वुई विल फिक्स इट लेटर."

"नॉट लेटर. आय विल क्रॉस आफ्टर यू से इट." आणि त्यांनी आपलं नाव सांगितलं. पूर्ण. आपलं, वडिलांचं, आडनाव. मी त्या घरात दीड वर्ष राहत होते आणि ते पूर्ण नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मग आयोजक आला, हातात यादी घेऊन. सभ्य माणूस होता. त्यानं नियम सांगितला: दुसऱ्याच्या नंबरावर धावणारा बाद. रेषा ओलांडा किंवा ओलांडू नका, तुमची वेळ धरली जाणार नाही. काकू म्हणाल्या, वेळ धरू नका, नाव वाचा. तो म्हणाला, जे नाव यादीत नाही ते वाचता येत नाही. मागून लोक येत होते, काकूंच्या दोन्ही बाजूंनी रेषा ओलांडत होते. माझा आवाज चढला होता, मी त्या माणसाला काय काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. काका दोरीवरून वाकून कुजबुजत होते, "अगं, टाक ना एक पाऊल. लोक बघतायत. यादीत आपलंच तर नाव आहे."

"आपलं म्हणजे कोणाचं?"

काकांनी हातातला कॅमेरा बंद केला.

आठ मिनिटं काकू तिथं उभ्या होत्या. मग खाली बसल्या, बुटाची चिप सोडली, छातीवरच्या नंबराच्या चारही पिना काढल्या आणि ती चिप अन् तो कागद काकांच्या हातात दिला. "अहो, हे तुमचं आहे. तुम्ही ओलांडा." आणि दोरीखालून वाकून गाडीकडे चालू लागल्या.

 परतीच्या वाटेवर गाडी चालवताना काकांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "माझं नाव इतकं जड झालं का तुला?"

"जड नाही हो. हलकं आहे. म्हणून तर सात वर्षं कळलं नाही." थोड्या वेळानं मागे वळून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तो माईकवर बोलला ना, तेव्हा माझ्या तोंडात 'येस, स्पीकिंग' आलं होतं, पोरी. अगदी दातांपर्यंत. म्हणून थांबली."

मी काय करणार? मी पत्रक काढलं. दोन दिवसांत. 'आणखी किती दिवस?' असा मथळा, दोन्ही बाजूंनी छापलेलं. एका गृहिणीवर झालेला अन्याय, व्यवस्थेचा धिक्कार, असंख्य भगिनींची व्यथा. गठ्ठा मंडळाच्या कार्यक्रमात वाटायला काढून ठेवला होता. काकू एक प्रत घेऊन बेसमेंटच्या पायऱ्या उतरून आल्या. हातात लाल पेन.

"ही 'एक गृहिणी' कोण?"

"काकू, तुम्हीच. तुम्हाला त्रास नको म्हणून नाव नाही टाकलं."

"मला विचारलंस?"

नव्हतं विचारलं. मी, जी सगळ्या जगाला विचारत सुटले होते की बायकांना कुणी विचारतं का, तिनं एक मजला चढून वर जाऊन विचारलं नव्हतं. काकूंनी 'एक गृहिणी' खाली दोन लाल रेघा मारल्या आणि समासात लिहिलं: पुन्हा लिहा. गठ्ठा मी फेकून दिला. या लेखाच्या वेळी मात्र मी फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "नको टाकूस. छापलं की लोक नाव वाचतात आणि पान उलटतात. ज्याला माझं नाव पाहिजे त्यानं मला विचारावं." म्हणून इथं नाव नाही. ही जागा त्यांनी रिकामी ठेवली आहे, मी नाही.

२००७ साली फॉर्म भरताना त्यांनी मला शेजारी बसवलं. मटार नाही, काही नाही, दोन्ही हात मोकळे. तरी पहिल्या रकान्यात बोटांनी काकांच्या नावाचं पहिलं अक्षर टाकलंच. काकूंनी ते खोडलं, उठल्या, पाणी प्यायल्या, परत बसल्या. पाकीट आणायला स्वतः गेल्या. तेच तीन चढ, तोच वारा. वेळ तीन तास चार मिनिटं. तोच जाडजूड माणूस माईकवर. त्यानं नाव वाचलं, चुकीचं. काकू पुन्हा थांबल्या, एक पाऊल अलीकडे.

"अगेन."

त्यानं पुन्हा वाचलं. अजून चुकीचं.

"स्लोली. अगेन."

तिसऱ्यांदा त्यानं माईक तोंडापासून लांब धरून मनात एकदा म्हणून पाहिलं, आणि मग नीट वाचलं. काकूंनी वर्गात मुलाला देतात तशी मान डोलावून पावती दिली आणि रेषा ओलांडली. काकांनी कॅमेरा चालू करायचा विसरून टाळ्या वाजवल्या.

इथं गोष्ट संपली असती तर मी हे लिहिलंच नसतं. त्या वर्षीच्या मंडळाच्या अंकात अभिनंदनाच्या चौकटीत छापून आलं: 'श्री. अमुक यांच्या सौभाग्यवतींनी हाफ मॅरेथॉन पूर्ण केली.' मी मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, आपल्या डिरेक्टरीत तसंच आहे ना, श्री. अमुक आणि परिवार. तिथूनच उचललं. सगळ्यांची नावं टाकायची तर पानं किती वाढतील, यार!" काकूंना मी हे चिडून सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. डिरेक्टरी मागवली, आणि लाल पेन हातात घेऊन पहिल्या पानापासून सुरुवात केली. एकेका घरी फोन करून, स्वतःच्या आवाजात. 'क' पर्यंत आल्या होत्या तेव्हा काकांची नोकरी बदलली आणि ते चँडलरला गेले. तिथं आता त्या वाळवंटातल्या टेकड्या चढतात.

'क' च्या पुढची सगळी पानं कोरी आहेत. ती तुमची आहेत.

मंडळाची डिरेक्टरी तुमच्या घरात आहे, प्रत्येक घरात एक आली आहे. ती काढा. 'आणि परिवार' असं लिहिलेल्या कुठल्याही एका घरी फोन करा, आणि ज्या बाई उचलतील त्यांना त्यांचं नाव विचारा. "मी त्यांची मिसेस" असं म्हणाल्या तर फोन ठेवू नका, पुन्हा विचारा. तरी हसून टाळलं तर तिसऱ्यांदा विचारा. नीट ऐका, नीट लिहा आणि मंडळाला पाठवा. अध्यक्ष पानं वाढतील म्हणाले तर सांगा, वाढवा. आणि त्या आधी, फोन उचलण्याच्याही आधी, स्वतःच्या घराची नोंद उघडा आणि बघा तिथं काय छापलंय.